आकडा

शिवाजी उद्यमनगरातल्या आमच्या फौंड्रीत
इंग्रजी पत्रं मी लिहितो.
कोल्हापुरात बायकाही 'लिहितो'च म्हणतात,
इंग्रजीत ती भानगड नाही,
'आय राइट', विषय संपला.

पहिल्या महिन्यात दिसेल त्या वाक्याला
मी प्रश्नचिन्ह लावत होतो.
वाटायचं, साहेबाची भाषा आहे,
विचारून बोललेलं बरं.
'प्लीज टेल अस व्हॉट इज द रेट?'
'आय वाँट टू नो व्हेन यू विल पे?'
आणि हॉलंडचं गिऱ्हाईक पैसे थकवायला लागलं
की एकाला एक लागून तीन.

मगदूम सर तेव्हा साडेपाचला यायचे.
हायस्कुलातनं रिटायर.
पेन्शनीत भागत नव्हतं म्हणून नव्हे,
घरी कुणी चुका करत नव्हतं म्हणून.
लाल रिफिलनं माझी चिन्हं खुडायचे,
शेपूच्या जुडीतला पिवळा पाला खुडावा तशी.
म्हणायचे, "घोरपडे,
तू विचारालीस, का विचारलेलं सांगालीस?
सांगत असशील तर टिंब.
तोंडावर विचारलंस तरच आकडा.
एकच. तीन लावलेस म्हणून
तिप्पट उत्तर येत नाही.
आणि शब्दाला चिकटून. मधे फट नको,
फटीतनं प्रश्न गळतोय."

सर त्याला आकडाच म्हणायचे.
मी खिडकीतनं क्रेनकडं बघायचो:
वर वाकलेला हूक,
खाली, सांडलाच तर, लोखंडाचा लाल थेंब.
मग विसरणार कसं.

फेब्रुवारीत फेटलिंगला
दस्तगीर मुल्लाणीची दोन बोटं ग्राइंडरनं नेली.
उजव्या हाताची. मधलं,
आणि ज्याला नावच नाही ते.
चाकावरचं गार्ड तीन आठवडे
कपाटावर पडून होतं,
त्यावर कुणीतरी डबा ठेवायचं.

हॉलंडला रिपोर्ट जायचा होता.
शिंत्रे साहेबांनी उभ्याउभ्या सांगितलं,
'द वर्कर आस्क्ड व्हाय द गार्ड वॉज नॉट फिटेड.'
"टिंब दे आणि पाठव."

वाक्य बरोबर होतं.
सरांनी बरोबरची खूण केली असती.
विचारलेलं सांगितलंय, आकडा लागत नाही.
पण त्या टिंबाखाली दस्तगीर
पेटीत वाळू ठोकून बसवावी
तसा बसला होता, गप.

सीपीआरमध्ये मी त्याला बघायला गेलो तेव्हा
तो हसला होता आधी.
"हिशोब सोपा झाला ताई,
आता आठापातूरच मोजायचं."
मग पट्टीकडं बघत,
"पण गार्ड का नव्हतं वो?"
एवढंच. तोंडावर.
मी मोसंबी सोलत बसलो.

साडेपाच वाजले.
सर आता येत नाहीत, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय.
मी कर्सर मागं नेला.
'आस्क्ड'पुढं स्वल्पविराम.
अवतरण उघडलं.
'वॉज' उचलला, 'व्हाय'च्या शेजारी आणून ठेवला.
एक शब्द फक्त, चार बोटं अलीकडं.
आणि शेवटी आकडा.
एकच, चिकटून,
अवतरणाच्या आत,
कारण प्रश्न दस्तगीरचा होता,
माझ्या वाक्याचा नव्हता.

शिंत्रे साहेब स्क्रीनवर वाकले.
"हे काय?"
"व्याकरण," मी म्हटलं.

ते बराच वेळ बघत राहिले,
हिशोबात न बसणाऱ्या रकमेकडं बघावं तसं.
बाहेर शिफ्ट सुटली.
कुणीतरी क्रेन तशीच मोकळी सोडलेली,
हूक हलत होता
आणि त्याच्या खाली काहीच नव्हतं.

"पाठवू काय?"